हौद चौकातला दगड

धार, ११ फेब्रुवारी २०२५

गणोजीस उदाजीरावाचा रामराम.

चव्वेचाळीस वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, तेव्हा पाकिटावरचं नाव वाचून तू ते बाजूला ठेवशील हे मला माहीत आहे. फोन केला असता तर तू आवाज ओळखून लगेच ठेवला असतास. पत्राचं बरं असतं, ते घरात पडून राहतं आणि कधी ना कधी उघडलं जातं. देवासचा पत्ता तुझ्या चुलतभावाकडून मिळवला.

कामाचं मागून लिहितो. आधी आपल्या हौद चौकाची काय दशा केलीय ते ऐक.

चौकाचं सौंदर्यीकरण चाललंय. त्यासाठी एक समिती आहे, एक ठेकेदार आहे आणि त्याचा एक इंजिनीयर आहे, ज्याला कोन तपासायला साधा गुण्या लावता येत नाही. बाहेर मोठा फलक लावलाय, 'प्राचीन और आधुनिक का संगम'. हौदाच्या चार दगडी कमानींसमोर त्याच मापाच्या चार लोखंडी कमानी उभ्या केल्यात, निळ्या रंगाच्या. हौदावर जाड काच टाकलीय. तिच्यावरून लोक चालणार आणि खाली जांभळे दिवे लागणार. पाणी नाही. ज्याला तहान लागेल त्यानं शेजारच्या मशीनमध्ये रुपया टाकायचा. काळ्या दगडावरचं शेवाळ धुऊन काढलं, मग दगड फार काळा दिसतो म्हणून त्याला दगडी रंग दिला. दगडाला दगडाचा रंग देणारी माणसं मी शहात्तर वर्षांत पहिल्यांदा पाहिली. जाळ्या मशीनवर कापून आणल्यात आणि त्यांच्यावर उंट आहेत. धारला उंटाशी काय देणंघेणं? आणि जिथं तुझा बाप दुपारचा छिन्न्या पाजवत बसायचा तिथं 'आय लव्ह धार', माणसाच्या उंचीची इंग्रजी अक्षरं, मधे लाल बदाम.

मी इंजिनीयरला विचारलं, बाबा रे, काच कशाला? तो म्हणाला, "दादासाब, फुटफॉल बढ़ेगा." म्हणजे पाय जास्त पडतील. चपला घातलेले पाय, हौदावर.

आता कामाचं. पाण्याचा फवारा मारताना उत्तरेच्या भिंतीवरचा चुना गळून पडला आणि आतून दगड निघाला. मोडीत कोरलेला. सगळ्यांची धांदल उडाली. मग कुणाला तरी आठवलं की दफ्तरदारांच्या घरात एक म्हातारा आहे, त्याला मोडी लागते. गाडी घेऊन आले. मी गेलो, चष्मा लावला, दगड वाचला आणि सांगितलं की हा हौद आमचे मूळ पुरुष तात्यासाहेब दफ्तरदार यांनी बांधवला. आनंदीआनंद झाला. अक्षय्य तृतीयेला उद्घाटन आहे. दगडाखाली तात्यासाहेबांच्या नावाची काळ्या ग्रॅनाइटची पाटी बसणार आहे, हिंदीत आणि इंग्रजीत.

चौकाचा नकाशा काढणारी ऋतिका नावाची आर्किटेक्ट पोरगी आहे. तिला दुसऱ्या माणसाचं वाचन हवंय, नियम आहे म्हणते. आमच्या वडलांच्या, आबासाहेबांच्या हाताखाली मोडी शिकलेले आता दोघंच उरलो, मी आणि तू. कुणीतरी तिला तुझं नाव सांगेलच. तिचा फोन आला तर सांग, मोडी येत नाही, कधी येत नव्हती. तुला एवढं करायला काही जड नाही.

उदाजीराव

धार, २ मार्च २०२५

गणोजीस,

काम केलंस. उपकार मानण्याची आमच्या घरात पद्धत नाही, तरी लिहून ठेवतो.

ऋतिका काल येऊन गेली. इंदूरची आहे, आडनाव मराठी, बोलणं हिंदी. मराठीत एक वाक्य सुरू करते आणि अर्ध्यावर सोडून देते. म्हणाली, "काका, मी देवासला फोन लावला होता. त्यांची नात बोलली. म्हणते, दादाजी तो फैक्टरी में थे, उनको मोडी-वोडी कहाँ से आएगी." मी म्हणालो, बरोबर आहे, पाथरवटाचं घर, जन्म कारखान्यात गेला, त्याला कुठून यायची. आणि चहा मागवला.

मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तू नातीला कधी सांगितलंच नाहीस, की माझं पत्र वाचून तिला तसं बोलायला लावलंस? पहिलं असेल तर तू मूर्ख आणि दुसरं असेल तर लाचार. धारमध्ये तुझ्यासारखं मोडीचं वळण कुणाचं नव्हतं. आबासाहेबांनी ते कधी तोंडानं कबूल केलं नाही, पण तुझी पाटी ते माझ्या पाटीपेक्षा जास्त वेळ हातात धरायचे.

पोरीनं विचारलं, "काका, दगडावर चुना कुणी लावला असेल?" मी म्हणालो, पेंढाऱ्यांच्या भीतीनं झाकला असेल. तिनं लगेच लिहून घेतलं. आता म्हणे त्याचाही फलक होणार, पेंढाऱ्याच्या चित्रासकट. या लोकांना काहीही सांगावं, ते छापतात. चौकात फायबरचा एक हत्तीही आलाय. त्याच्या सोंडेतून पाणी पडणार, गाणं वाजलं की. हत्तीचे दोन्ही सुळे सारख्या लांबीचे नाहीत, हे मी दाखवून दिलं तर इंजिनीयर म्हणाला, "भिया, पब्लिक को कौन-सा नापना है." मला भिया म्हणतो, बरोबरीचा भाऊ असल्यासारखा. आमच्या वडलांसमोर त्याचा आजा मान वर करून बोलला नसता.

जाता जाता पोरीनं विचारलं, "नक्की ना काका?" मी तीन कागदांवर सह्या केल्या.

उदाजीराव

धार, १९ मार्च २०२५

गण्या,

हे पत्र मुद्दाम मोडीत लिहितोय. बाळबोधीत लिहिलं तर तुझी सून वाचील, नात वाचील आणि उद्या देवासच्या टेकडीवर जाऊन चारचौघांत सांगेल. मोडी तुझ्या घरात फक्त तुलाच लागेल.

चुना पेंढाऱ्यांच्या भीतीनं थापला नव्हता. आबासाहेबांनी गड्याकडून थापून घेतला आणि चुन्याची बादली माझ्या हातात होती. आपण बारा वर्षांचे होतो.

मी बैठकीत गादीवर आणि तू ओसरीच्या पायरीवर, असं आपलं शिक्षण. कागदाची नक्कल तुला बाहेर मिळायची आणि आतून आबासाहेब म्हणायचे, "गणोजी, मोठ्यानं वाच, आत ऐकू येत नाही." तू मान ताणून ओरडायचास. संध्याकाळी तुझा घसा बसायचा, तुझी आई तुला ज्येष्ठमध चघळायला द्यायची आणि मी सगळ्या आळीत सांगायचो की गण्याचा बोकड झालाय. तुला एकदाही वाटलं नाही का रे, की ओसरी बैठकीपासून चार हातांवर होती?

त्या दुपारी हौदावर आपण पोहायला गेलो होतो. उत्तरेच्या भिंतीवरचं शेवाळ तू खरवडलंस. मी ओळ लावत बसलो होतो, तू डोळे मिटून बोटानं अक्षरं चाचपलीस आणि माझ्याआधी वाचून मोकळा झालास. मग पळत आमच्याकडे आलास, पायरीवर उभा राहिलास आणि त्या दिवशी कुणी न सांगता मोठ्यानं म्हणालास, "आबासाहेब, हौद आमचा आहे, आमच्या बाईचं नाव आहे." आबासाहेबांनी तुझ्या हातावर गूळ ठेवला. दुसऱ्या दिवशी उजाडताना चुना लागला.

दरवर्षी अक्षय्य तृतीयेला हौदातली पहिली घागर आमच्या घरची भरायची आणि मग गावानं पाण्याला हात लावायचा. दरबार गेला, दफ्तर गेलं, आमच्याकडे त्या घागरीच्या मानाखेरीज काय उरलं होतं? हे मी आबासाहेबांची बाजू म्हणून लिहीत नाही. त्यांनी जे केलं ते उघड्या डोळ्यांनी केलं. बादली उचलताना मीही डोळे मिटले नव्हते.

आणि त्यांच्या तेराव्याला तू आलास. जेवलास, हात धुतलेस आणि अंगणात हळूच म्हणालास, "उदाजी, आता चुना काढू या." मी म्हणालो, "कसला चुना?" तू चपला घालून निघून गेलास. त्यानंतर तू धारमध्ये पाऊल टाकलं नाहीस, असं म्हणतात.

तर दगडावर तात्यासाहेबांचं नाव नाही. तुमच्या घरच्या बाईचं आहे. काय लिहिलंय ते तुला पाठ असेल, मी पुन्हा लिहीत नाही.

कबूल केलं. आता मन हलकं वाटतंय. पाटी मात्र बसू दे. तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, तेवढं पुरे. गाढवांच्या बाजारात कुणाला काय फरक पडतो.

उदाजी

धार, १४ एप्रिल २०२५

गण्या,

काल तुझ्या नातीचा, ऋजुताचा फोन आला. मला अंकल म्हणाली. "अंकल, तुमची चिठ्ठी उलटी आहे की सीधी? आम्ही दोन्ही साइडने बघितली." मी विचारलं, आजोबांना दिली का? म्हणाली, "त्यांना दोन सालपासून दिसत नाही ना. काचबिंदू. आधीच्या दोन चिठ्ठ्या मी वाचून दाखवल्या, अटकत-अटकत. ही वाली तर कुणालाच लागत नाही. दादाजी तिच्यावर हात फिरवत बसले होते, मग म्हणाले, शाईला उठाव नसतो."

मी विचारलं, पहिलं पत्र ऐकून काय म्हणाले? "म्हणाले, बाईचा फोन आला तर सांग, मोडी येत नाही."

इतका वेळ मी इंजिनीयरला हसत होतो, समितीला हसत होतो, उंटांना आणि हत्तीला हसत होतो. आणि इकडे एकदाच काय ते खरं लिहिलं, तेही आंधळ्या माणसाला, अशा लिपीत, जी वाचणारा दुसरा कुणी तुझ्या घरात नाही. वर मन हलकं झालं म्हणून रात्री श्रीखंड खाल्लं. असा शहाणा त्या समितीतही नसेल.

म्हणून आता बाळबोधीत लिहितो, मोठ्या अक्षरात. ऋजुता, अडलीस तर दोनदा वाच, पण गाळू नकोस. दगडावर हे आहे:

'शके १७१९. खंडोजी पाथरवट हौदाचें काम करितां मयत जाहला. त्याची स्त्री नर्मदाबाई इणें काम सिद्धीस नेलें. पाणी सर्वांस मोकळें असे. कोणी मना करूं नये.'

खंडोजी आणि नर्मदाबाई ही तुमच्या घरची माणसं, बेटा. यात एकही शब्द आमच्या घराण्याचा नाही. मी खोटं वाचलं आणि खोट्यावर तीन सह्या केल्या. मागच्या पत्रात आणखीही आहे, चुन्याचं आणि आबासाहेबांचं. ते आजोबांना विचार, त्यांना ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

फोन झाल्यावर मी तसाच समितीच्या ऑफिसात गेलो. म्हणालो, वाचनात चूक झाली, नाव दुसरं आहे. एकजण पान चघळत म्हणाला, "दादासाब, पत्थर खुद गया, अब क्या फर्क पड़ता है? और साइन तो आप ही के हैं." ऋतिका तेवढी पुढं आली. म्हणाली, "काका, आता बदलायचं तर दुसऱ्याचं रीडिंग लागेल. मी कुठून आणू? देवासवाले तर बोलले, येत नाही." तिला मी काय सांगणार? येत नाही म्हण, असं मीच तुला कळवलं होतं, हे सांगण्याइतकीही हिंमत झाली नाही. जिना उतरून घरी आलो.

पाटी आज बसली. हिंदी शुद्ध आहे, इंग्रजी शुद्ध आहे, मजकूर माझा आहे.

उद्घाटनाला सगळ्यांसमोर दगड वाचून दाखवायचा मान मला दिलाय. त्या दिवशी काय वाचीन ते खरोखर मला माहीत नाही. तुला ये म्हणायला तोंड नाही. ३० तारीख आहे, सकाळचे दहा.

उदाजी

धार, २ मे २०२५

गण्या,

तुला दिसलं नाही म्हणून लिहितो. ऋजुतानं पाहिलं, पण तिला इथली माणसं ओळखू येत नाहीत.

मंडपात पहिल्या रांगेत समिती होती, भगवे फेटे भाड्यानं आणलेले. एकाचा फेटा पुढचं मागे करून बांधलेला होता आणि तोच सगळ्यांत ताठ बसला होता. उद्घाटनाला आलेले मोठे साहेब फोनवर होते. मी मंचावर, गळ्यात हार, हातात माइक. आधी इंजिनीयरचं भाषण झालं. संगम हा शब्द तो अकरा वेळा म्हणाला.

मग तू मला दिसलास. ऋजुता तुला दंडाला धरून आणत होती. काचेच्या कडेला तुला पायाखाली फरक कळला असावा. तू तिला काहीतरी विचारलंस आणि वाकून चपला काढल्यास. एवढ्या माणसांत तू एकटाच अनवाणी होतास. ऋजुतानं तुझ्याकडे पाहिलं आणि तिनंही सँडल हातात घेतले. सरळ उत्तरेच्या भिंतीकडे गेलात. रखवालदार धावला, "बाबा, हाथ मत लगाओ, नया पेंट है." तू त्याच्याकडे लक्षच दिलं नाहीस. त्या भिकार रंगानं अक्षरं बुजलीत, तरी तुझं बोट पहिल्या ओळीवरून नीट सरकत गेलं. चौथ्या ओळीला ते थांबलं. मला मंचावरून कळलं, तिथं नर्मदाबाई आहे.

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. मी उतरून दगडाजवळ आलो. खरं सांगतो, तू तिथं नसतास तर मी काय वाचलं असतं याची मला खात्री नाही. तात्यासाहेब जिभेवर तयार होते. तू भिंतीवरचा हात न काढता म्हणालास, "उदाजी, वाच."

मी शके वाचलं. खंडोजी वाचलं. आणि त्या गाढव इंजिनीयरनं नेमकं तेव्हा कारंजं सोडलं. हत्तीच्या सोंडेतून पाणी, गाणं सुरू, माइकमधून नुसती शिट्टी. समितीतला एकजण हातानं खुणा करत होता, बस, बस, हो गया. थांबायला तेवढं निमित्त पुरलं असतं. तू तोंड माझ्याकडे वळवलंस आणि म्हणालास, "मोठ्यानं वाच. ऐकू येत नाही."

मी माइक खाली ठेवला आणि पायरीवरच्या पोरासारखा ओरडलो. एकदा वाचलं, तू म्हणालास, "पुन्हा." नर्मदाबाई इणें काम सिद्धीस नेलें. पाणी सर्वांस मोकळें असे. दुसऱ्यांदा वाचेपर्यंत गाणं थांबलं होतं आणि माझा आवाज एकटाच चौकात फिरत होता. मोठ्या साहेबांनी फोन खाली घेतला. पुढच्या रांगेतला उलटा फेटेवाला शेजाऱ्याला विचारत होता, "ये नर्मदाबाई कौन?" तुझं बोट शेवटच्या अक्षरावर पोचलं तेव्हा मी थांबलो. तू एकदा मान हलवलीस, आबासाहेब धडा नीट झाला की हलवायचे तशी. मग ऋजुताला म्हणालास, "चला, बस मिळेल." मी चहाचं विचारणार होतो, पण तोवर तुम्ही रस्त्यापलीकडे गेला होता.

पुढचं तुला ठाऊक नाही. ऋतिका संध्याकाळी कागद घेऊन आली. तिनं लिहिलं होतं, 'प्रथम वाचन में भूल हुई.' मी भूल खोडून झूठ लिहिलं आणि सही केली. दुसरं वाचन कुणाचं लिहू, असं तिनं विचारलं. मी तुझं नाव सांगितलं आणि तुला मोडी येत नाही असं तुझ्याकडून कुणी वदवलं होतं, तेही सांगितलं. तिनं चहा अर्धा ठेवला. पाटी काढायची फाइल आता चाललीय म्हणे, कुठं चाललीय ते देवाला माहीत. तोवर समितीनं पाटीसमोर प्लास्टिकच्या झाडाची कुंडी आणून ठेवलीय. तात्यासाहेब पानांआडून डोकावतात. पेंढारी अजून तसाच आहे, घोड्यावर.

काल सकाळी मी घरची घागर घेऊन चौकात गेलो होतो. मानाची नव्हे, साधी. मशीनमध्ये रुपया टाकून ती भरली आणि दगडाखाली ठेवली, वर पेला पालथा घातला. रखवालदार म्हणाला, "ये यहाँ अलाऊड नहीं है." दगडावर काय लिहिलंय ते मी त्याला सांगायला गेलो, पण तोंडातून शब्दच फुटेना.

तीन दिवस झाले, घसा बसलाय. सून हसते, म्हणते, "बाबा, तुमचा बोकड झालाय." ज्येष्ठमध चघळतोय.

उदाजी